पत्र्यावरचं ऊन

पापडाच्या हिंगाचा वास आला की मला कळंबोलीची आमची खोली आठवते. एक्स्प्रेसवे अजून व्हायचा होता. समोरच्या शेडबाहेर एका शिल्पकाराने चकचकीत स्टीलचे वाकडेतिकडे पत्रे जोडून उभे केले होते. ते काय आहे, कुणालाच कळेना. पण त्यावरून परतलेलं ऊन आमच्या अंधाऱ्या ओट्यावर पडायचं. तिथे मी लेकीच्या रुखवताचे पापड वाळत घातले आणि तेवढ्यात तो शिल्पकार ते पत्रे न्यायला ट्रक घेऊन आला. मी म्हटलं, “पापड ओले आहेत. तुझे पत्रे हलवू नकोस.” “मावशी, टेन्शन देऊ नका, उद्या प्रदर्शन आहे.” “परवा माझ्या लेकीचं लग्न आहे. तिच्या सासूला तू तोंड देशील?” तो हसला, ट्रकवाल्याला चहाला पाठवलं आणि ऊन सरकेल तसं ते धूड पापडांकडे वळवत बसला. प्रदर्शनाचं काय झालं, ठाऊक नाही. विहीणबाई आजही सगळ्याला नावं ठेवतात, त्या पापडांना मात्र ठेवली नाहीत.