ज्यावरून उठता येत नाही असं मशीन

अख्ख्या खानदेशात वस्तू पारखणारा माणूस एकच, आणि तो माझा साडू. हे मत मूळचं त्यांचं स्वतःचं. पण जळगावातल्या दुकानदारांनीही ते आता मुकाट मान्य केलं आहे. साडूभाऊ कुठलीही वस्तू भरताच्या वांग्यासारखी निवडतात. भरताचं वांगं दिसायला थोराड आणि हाताला हलकं हवं. जड लागलं की आत बियाच बिया. या एका कसोटीवर त्यांनी सगळा संसार उभा केला. कुकर घेताना दुकानातले सगळे कुकर डाव्या हातात तोलून पाहिले. पंखा घेताना तो छताला टांगायला लावला आणि त्याखाली सतरंजी मागून, डोळे मिटून पडून राहिले. मालकाला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. जावई निवडताना तर त्यांनी पत्रिका बाजूला ठेवली. पलंग जरा सरकवायचा आहे, हात लावा, असं मुलाला म्हणाले. मुलाने न सांगता जड बाजू धरली आणि तिथेच लग्न ठरलं. "पगार कोणीही सांगतो," साडूभाऊ मला म्हणाले, "जड बाजू कोण धरतो ते बघायचं." हे हलक्या वांग्याच्या नियमात कसं बसतं, ते मी विचारलं नाही. साडूला असले प्रश्न विचारायचे नसतात.

अशा माणसाला मागच्या हिवाळ्यात त्यांच्या भाच्याने प्लास्टिकची खुर्ची दिली. चोपड्याजवळ साडूभाऊंच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं, शेत आहे. दर थंडीत तिथे भरीत पार्टी असते. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि ताडपत्रीवर पंगत मांडून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. आक्का पंगतीच्या टोकाला बसतात, आणि त्यांच्या शेजारची जागा लहानपणापासून साडूभाऊंची. पण पोट पुढे आलं, गुडघे आखडले, खाली बसलेल्या साडूभाऊंना उठवायला चार माणसं लागू लागली. म्हणून खुर्ची. हे वर, आक्का खाली. आक्कांनी मान उंच करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुनं तोंडच दिखस नई रे भाऊ. नुसता गुडघा दिखतस." पंगत हसली. साडूभाऊही हसले, पण त्यांनी भरीत दुसऱ्यांदा मागितलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण साधं नाही.

डॉक्टर व्यायाम करा म्हणत होतेच. जळगावच्या उन्हात फिरायला जा, असं सांगणाऱ्या डॉक्टरला साडूभाऊंनी आधी स्वतः जाऊन यायला सांगितलं होतं. शेवटी जावयाने तोडगा काढला : रोइंग मशीन. रुळावरच्या बैठकीवर बसायचं आणि नाव वल्हवल्यासारखं दांडा ओढत पुढे-मागे सरकायचं. समोर पडदा, पडद्यात शिकवणारी बाई, आणि इंटरनेटवरून जगभरची माणसं आपल्याबरोबर वल्हवतात. मग काय, आमची वरात निघाली. जळगावातली दुकानं झाली, मन भरेना, धुळ्याला गेलो. तिथला विक्रेता मोठा उत्साही. त्याने पडद्यावर तळी दाखवली, डोंगर दाखवले, पाण्याच्या टाकीचं मशीन वेगळं, चुंबकाचं वेगळं, सगळं समजावलं. साडूभाऊंनी एक मशीन एका बाजूने उचलून पाहिलं, एकाच्या रुळावर बोटांनी टकटक केली, आणि विचारलं, "यातलं सगळ्यात बुटकं कोणतं?"

"काका, तुमच्यासाठी उंच सीटचं आहे ना. बसायला-उठायला एकदम सोपं."

"उंच खुर्ची मला फुकट मिळते," साडूभाऊ म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात ठेंगण्या मशीनवर जाऊन बसले. बसले म्हणजे कोसळले. पडद्यावरची बाई गोड हसली. साडूभाऊंनी दोन वेळा दांडा ओढला, मान डोलावली आणि उठायला गेले. उठेनात. एका बाजूने विक्रेता, दुसऱ्या बाजूने मी, मागून दुकानाचे मालक, असा गणपती उठवतात तसा आम्ही तो देह उभा केला. विक्रेता घाबरून पुन्हा उंच सीटकडे बोट दाखवू लागला. साडूभाऊंनी शर्ट खाली ओढला, घाम पुसला आणि म्हणाले, "हेच बांधा. ज्यावरून उठता येत नाही तेच घ्यायचं. बाकीच्यांवरून काय, कोणीही उठेल."

मशीन घरी आलं आणि साडूभाऊंचा गोतावळा जगभर पसरला. पडद्यावर आपल्या मागे कोणी राहिलं की हे वल्हं सैल सोडायचे. पाहुण्याला मागे टाकून पुढे जाणं बरं दिसत नाही. बाई शेवटी इंग्रजीत 'उद्या भेटू' म्हणायची, म्हणून एक दिवस चुकवायची सोय नाही. पाचोऱ्याला लग्न निघालं तेव्हा त्यांनी मला फोन करून आपल्या जागी बसायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, तो धडा आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला असतो, बाईंना तुम्ही दिसत नाही. "तिला दिसत नाही म्हणून आपण खोटं वागायचं का, साडू?" असं विचारल्यावर मी गेलो. वल्हवण्यापेक्षा खरा सोहळा त्यानंतर असायचा : उठण्याचा. आधी मेहुणीबाईंचा हात, मग सोफ्याचा पाय, मग भिंतीला टेकवलेलं एक बोट. बोट सुटलं त्या दिवशी त्यांनी गल्लीत जिलबी वाटली. कोणी कारण विचारलं की म्हणायचे, "उठलो."

यंदाच्या थंडीत चोपड्याला गेलो तर भाचा खुर्ची घेऊन हजर. साडूभाऊंनी तिच्यावर आपली पिशवी ठेवली, चपला काढल्या आणि आक्कांच्या शेजारी सरळ मांडी घातली. आक्कांनी भाकरी मोडता मोडता मान वळवली. "उना का रे खाले?" खाली आलास का, एवढंच म्हणाल्या आणि आपल्या पानातलं भरीत त्यांच्या पानात वाढलं. साडूभाऊंनी ते तीनदा मागून घेतलं. जेवणं झाली आणि पंगत त्यांच्याकडे बघू लागली, कारण आता उठायचं होतं. साडूभाऊंनी उष्टं ताट दोन्ही हातांत धरलं, मशीनवर पाय रेटतात तसे जमिनीत रेटले आणि उभे राहिले. ताटातली मिरचीसुद्धा हलली नाही. भाच्याने शिट्टी मारली, बाया हसायला लागल्या, आणि मी असा टाळ्या पिटत होतो की जणू मीच उठलो.

तेवढ्यात खालून आक्कांनी हात वर केला. "आते माले उठाड."

साडूभाऊंनी ताट माझ्याकडे दिलं, वाकले आणि बहिणीला उभं केलं. जरा जास्तच जोर लावला होता. आक्का एकदम वर आल्या आणि त्यांच्या छातीशी टेकल्या. साडूभाऊ हसत होते, मग हसायचे थांबले.

परतताना आम्ही तापीचा पूल ओलांडला. मग साडूभाऊ म्हणाले, "आक्का हाताला फार हलकी लागली, साडू."

आता दर रविवारी ते चोपड्याला जातात, बहिणीशेजारी मांडी घालून जेवायला. इकडे बाईंना वाट बघायला लागू नये म्हणून मशीनवर मी बसतो. शेवटी ती हसून उद्या भेटू म्हणते. मी म्हणतो, हो, उद्या येतील ते. आज त्यांना घरी यायला उशीर होणार आहे. मग उठायला मेहुणीबाईंना हाक मारतो.