साडूंचा एकास त्रेचाळीस ट्रॅक्टर

माझे साडू कारंज्याला राहतात आणि धातूच्या छोट्या गाड्या जमवतात. मोठ्या गाडीचं हुबेहूब लहान रूप, खोक्यावर प्रमाण छापलेलं. अशा दोनशे चौदा आहेत. त्यातल्या नव्वद खोक्यातून कधी बाहेरच आलेल्या नाहीत, आणि साडूंच्या मते त्याच सर्वांत मोलाच्या. लेकरांना फिरणारी चाकं लागतात, संग्राहकाला कधीच न फिरलेली. एवढं कळलं की भेट निवडणं सोपं आहे.

मागच्या दसऱ्याला मला ते कळत नव्हतं. आसेगावहून सोनं द्यायला गेलो तेव्हा सोबत एक छोटी जीप नेली. साडूंनी आपट्याची पानं खिशात टाकली आणि कपाटातून कॅलिपर काढला.

"लांबीनं एकास अडतीस येते, रुंदीनं एकास एकतीस. हे जीप नाई, भाऊ. जीपसारखं काईतरी हाये."

आणि सगळ्यांदेखत ती त्यांनी आपल्या चार वर्षांच्या नातीला देऊन टाकली. नातीला प्रमाणाची काही अडचण आली नाही. माझ्या बायकोला आली. "ताई, तुह्या घरी पाहुणचारही मोजूनच भेटते का वं?" असं ती बहिणीला म्हणाली. ताईने चहाचे कप तसेच आत नेले, आणि सख्ख्या बहिणींचं बोलणं बंद झालं.

यंदा दसऱ्याच्या महिनाभर आधीच बायकोने सांगितलं, "भाऊजीले बोट ठेवाले जागा नाई राह्यली पाह्यजे, अशी गाडी आना. ताईशी न बोलता आनखी एक वर्ष मले नाई निघत."

मी आमच्या ट्रॅक्टरला टेप लावला. तीन मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर. त्याच बनावटीचा, त्याच लाल रंगाचा एकास त्रेचाळीस ट्रॅक्टर म्हणजे बरोबर ऐंशी मिलिमीटर. तीन विक्रेत्यांना लांबी विचारली. दोघांनी 'एकदम मस्त पीस आहे सर' असं माप कळवलं. तिसऱ्याने खरंच मोजलं, म्हणून त्याच्याकडून मागवला. नातीसाठी जाड पत्र्याचा ट्रक घेतला, निघून तोंडात जाईल असा एकही भाग नसलेला. त्याला पाच मिनिटं लागली.

दसऱ्याच्या सकाळी पानं घेऊन घरी आलो, तर अंगणात वाहनपूजा उरकलेली. ट्रॅक्टर, मोटरसायकल, सायकल, आणि रांगेत शेवटी पाटावर साडूंचा ऐंशी मिलिमीटर. सील फोडून बाहेर काढलेला. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, आणि लिंबू चाकापेक्षा मोठं असल्यामुळे चाकाखाली नव्हे, चाकच लिंबावर.

"हे काय केलं?"

"नवी गाडी बिनपूजेची दुसऱ्याच्या दारी नेऊ काय?" बायको म्हणाली. मी महिनाभर मिलिमीटर मोजत होतो. सील फोडायचं नसतं हे तिला सांगायला मात्र विसरलो होतो.

दुसरी भेट आणायला वेळ नव्हता. संध्याकाळी तोच घेऊन गेलो. साडूंनी तो तळहातावर धरला. कॅलिपरची गरजच पडली नाही.

"खोकं उघडलं. वरतून कुंकू. याची काय किंमत राह्यली आता?"

बायकोचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "काहून भाऊजी, तुमी तुमची कार पूजेशिवाय फाटकाबाहेर काढली होती का?"

साडू कुंकू पुसायला खिशात रुमाल शोधू लागले. तेवढ्यात ताई, जी आम्ही आल्यापासून भिंतीकडे पाहत होती, फसकन हसली. "कायची काढतात! दोन दिवस उभी ठेवली होती, मुहूर्त नाई म्हनून. अन् ह्या दोनशे गाड्या पाह्य, एकीलेही कधी कुंकू नाई."

"मंग आज लावू न ताई. दसराच हाये."

ताईने करंडा आणला आणि कपाट उघडलं. एक बहीण गाडी काढून देत होती, दुसरी बोट टेकवत होती, आणि वर्षभराचं साचलेलं सगळं दोघी एकाच वेळी बोलत होत्या. साडू मधे हात आडवे करून उभे. "खोक्यातल्याले नको! अवं, उघड्या हायेत त्यायलेच लावा!" तेवढं त्यांचं ऐकलं गेलं. एकशे चोवीस झाल्या. नात जिन्यावरून ट्रक सोडत होती.

आता दोघी बहिणी रोज पाऊण तास फोनवर बोलतात. साडू माझ्याशी बोलत नाहीत. पूर्वीही ते मिलिमीटरातच बोलत, त्यामुळे घट फार नाही.