रंगूच्या मांडवात

उरणच्या बाजूला आगरी घरात लग्न निघालं की भटजीच्या आधी धवलारणीला सांगावा जातो. ती मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक भरते, नवरीला पाटावर बसवते आणि देवांपासून गावच्या वेशीपर्यंत सगळ्यांना गाण्यातून लग्नाला बोलावते. या गाण्यांना धवले म्हणतात. ते पोथीत नसतात, बायकांच्या तोंडी असतात. भेंडीपाड्याच्या रंगू घरतच्या तोंडी ते तिच्या नवऱ्याच्या आत्याने, जनीआत्याने घातले.

रंगू तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. दिवसभर मिठागरावर राबायची आणि लग्नसराईत आत्याच्या मागे बसून ओळ झेलायची, म्हणजे तिने गायलेली ओळ मागून उचलायची. आत्या म्हणायची, "नुसतं पाठ करून नाय चालत गो. आधी घरातली मानसं बघायची, मग तोंड उघडायचं. परतेक घराचा धवला येगला." पुढे आत्या थकली आणि बोलावणी रंगूकडे येऊ लागली. मिठागरं बुजली, त्यांच्यावर कंटेनरची गोदामं उभी राहिली, नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर झाला. रंगूचा आवाज मात्र होता तसाच खणखणीत राहिला. आजूबाजूच्या गावांत माणसं लग्नाची तारीख धरण्याआधी विचारायची, "रंगूबाय मोकळी हाय का त्या दिवशी?"

एवढा मान असूनही शाळेतल्या सोबत्यांना हे सांगताना तिची जीभ अडायची. केतन म्हणून वर्गातला एक, पनवेलला औषधांचं दुकान चालवणारा. त्याने लॉकडाऊनच्या रिकाम्या दिवसांत एकेकाला हुडकून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला. नाव ठेवलं 'खारट पोरं'. कोणी ठाण्यात, कोणी बडोद्याला, कोणी बंदरात कारकून. विनेश कडू कॉलेजात फिजिक्स शिकवत होता. रंगूच्या शेजारी बसणारी शमीम लग्न होऊन बोर्ली पंचतनला गेली होती, दिवेआगरला तिची सुपारीची वाडी होती. "रंगू, तू काय करतेस?" असं कोणीतरी विचारलं, तेव्हा तिने "घरीच असते" एवढंच टाकलं.

ग्रुप पहिली दोन वर्षं छान चालला. मग श्रावणात एकदा देवाचा फोटो आला, खाली लिहिलेलं, 'अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता येईल.' विनेश जन्माचा नास्तिक. त्याने लिहिलं, 'अकरा मेसेजने प्रसन्न होतो तो देव आहे की मोबाइल कंपनी?' झालं. एकाने त्याला धर्मबुडवा म्हटलं. दुसऱ्याने तावातावात मुसलमानांबद्दलचा कुठला तरी विखारी मजकूर पुढे ढकलला. ग्रुपात शमीम आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. शमीम ग्रुपातून निघून गेली.

रंगूने तिला फोन लावला.

"रागावलीस काय गं?"

"राग नाही, रंगू," शमीम म्हणाली. "पण ते वाचलं आणि मनात आलं, हीच का ती माणसं? माझ्या डब्यातली खापरोळी हिसकावून खाणारी? त्यांना खरंच असं वाटतं, की नुसतं बोट लागलं म्हणून पुढे गेलं, तेवढं मला कळायला हवं होतं."

तो प्रश्न रंगूच्या डोक्यातून जाईना. खरंच, कोणाला काय वाटतं हे कोणी बोललंच नव्हतं. जो तो दुसऱ्याचं लिहिलेलं पुढे लोटत होता. त्या दुपारी ती पडवीत बसली, मोबाइलचं माइकचं बटण दाबून धरलं आणि मांडवात बोलावी तशी बोलली:

"मी रंगू. घरीच असते असं लिवलं होतं, पन घरी मी कमीच असते. मी धवलारीन हाय. लग्नात देवांना हाका मारते. देव येतात का? मना कधी दिसले नाय. पन मी एकेक नाव घ्यायला लागले का मांडवातली भांडनं गप होतात, रडनारी नवरी सावरून बसते. त्या वक्ताला मांडवात कोनीतरी येतं, येवढं मना ठाव हाय. त्याला मी देव बोलते. हा माझा, उसना नाय. आता तुमचा सांगा. नसंल तर नाय म्हनून सांगा. पन आपल्या तोंडानं सांगा, ते फॉरवर्ड नको. आनी शमीमला आधी परत घ्या. तिच्याबिगर मी कोनाचं ऐकनार नाय."

तिने बटण सोडलं. आता हसतील सगळे, असं तिला वाटलं. पण कोणी हसलं नाही. संध्याकाळी केतनने शमीमला पुन्हा ग्रुपात घेतलं. ज्याने तो मजकूर टाकला होता, त्याने आपण होऊन तिला फोन केला. काय बोलला ते शमीमने कोणाला सांगितलं नाही, रंगूला एवढंच म्हणाली, "रडला गं तो."

मग दर रविवारी एकेकाने बोलायचं ठरलं. शमीम बोलली ती निसर्ग चक्रीवादळाबद्दल. वाडीतल्या सुपाऱ्या एका दुपारी आडव्या झाल्या, घराचं छप्पर उडालं. "लोकं विचारत, अल्लाने असं का केलं? मला तो प्रश्नच पडला नाही," ती म्हणाली. "मी ओल्या जमिनीवर नमाज पढले आणि कोयती घेऊन वाडीत गेले. सुपारी लावली की फळाला वर्षं जातात. तेव्हा मी असेन नसेन. तरी बिस्मिल्ला म्हणून रोप लावते. माझं इमान म्हणजे ते रोप." हे ऐकताना रंगूने भाकरी तव्यावर करपू दिली.

विनेशचा रविवार आला तेव्हा सगळे कान टवकारून बसले. तो म्हणाला, "लोकांना वाटतं, याला काहीतरी जबरी दुःख झालं असणार म्हणून हा देव मानत नाही. मला तसलं काही झालेलं नाही. आईबापांनी लाडाने वाढवलं. मी विचार केला आणि मला पटलं नाही, एवढंच. पण न पटलेल्या गोष्टीपुढे हात जोडले तर माझ्याजवळ माझं म्हणावं असं काय उरलं? तुमची श्रद्धा जशी तुम्हाला, तसा मला माझा नकार आहे."

रंगूने त्याला उत्तर पाठवलं, "हे आवडलं मना." ते ऐकून विनेशला काय वाटलं कोण जाणे, पण पुढच्या माघात त्याच्या मुलीचं, प्राप्तीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने पहिला फोन रंगूला केला.

"अडचण झाली आहे. पोरांना रजिस्टर लग्न करायचंय, मलाही तेच हवंय. भटजी नको. पण आई हटून बसली आहे. म्हणते, धवलारणीशिवाय माझी नात घरातून निघायची नाही. तू येशील?"

"येईन की."

"एक विचारू? देवांची नावं वगळून गाशील का?"

रंगू हसली. "मीठ काढून खारं पानी दे म्हनतोस? नाय जमायचं, विनेश. मी गाईन तं सगळं गाईन."

 तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मी मागायला नको होतं. पण मी हात जोडणार नाही हं."

"तुझे हात तुझ्याकडं. तुना कोन सांगतंय?"

लग्नाच्या आदल्या दिवशी शमीम बोर्लीहून एसटीने आली आणि रंगूकडेच उतरली. सकाळी उरणला सह्या झाल्या आणि अकराच्या सुमाराला विनेशच्या अंगणातल्या मांडवात माणसं जमली. केतन आला होता, बडोद्याचा सोबतीही आला होता. विनेशची आई, ऐंशीच्या घरातली, नऊवारी नेसून पुढच्या खुर्चीत ताठ बसली होती. रंगूने चौक भरला, प्राप्ती आणि नवरामुलगा पाटावर बसले. रंगूच्या मागे ओळ झेलायला दोन बायका होत्या, त्यांच्या शेजारी शमीम जाऊन बसली.

रंगूने डोळे मिटले आणि सूर लावला. आधी देव बोलावले, मग खाडी बोलावली, बांध बोलावले. मागच्या बायका झेलत होत्या. त्यांत शमीमचाही आवाज आहे हे रंगूच्या कानांनी टिपलं. शमीम याच पाड्यात वाढलेली, चाली तिच्या अंगात मुरलेल्या. देवाचं नाव आलं की ती गप्प राहायची आणि माहेरची, खाडीची, आईची ओळ आली की उचलायची. रंगूला मनातून फार बरं वाटलं. हिने मला फसवलं नाही आणि स्वतःलाही नाही, असं तिला वाटलं.

पुढे लेकीच्या बापाने चौकावर ठेवलेल्या कलशाला हात जोडायचे, ही पायरी आली. विनेश कलशाजवळ उभा होता, हात बाजूला. रंगू गातच पुढे सरकणार, तोच भावकीतले धर्माजीबाबा उठले. गावात त्यांच्या शब्दाला वजन.

"थांब गो रंगू. बापानं हात जोडल्याबिगर पुढं जायचं नाय. रीत हाय ती. का मास्तर रीतीपेक्षा मोठा झाला?"

सूर तुटला.  नवऱ्यामुलाकडचे पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. प्राप्तीचे डोळे भरून आले आणि विनेशची आई खुर्चीचा दांडा धरून उठायला लागली. विनेशने मुलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला आणि त्याचे हात हळूहळू वर येऊ लागले.

"विनेश, हात खाली घे," रंगू म्हणाली.

त्याचे हात तसेच अर्ध्यावर थांबले.

"तुझ्या मनात नाय तं जोडू नको. हा माझा मांडव हाय. मी आतापोतर हितं एकेकाला हाक मारून बोलावलं. त्यांच्याम्होरं खोटे हात जोडलेले मना चालनार नाय." मग ती धर्माजीबाबांकडे वळली. आवाज चढवला नाही, पण मांडवाच्या शेवटच्या रांगेत ऐकू गेला. "बाबा, रीत मनाबी ठाव हाय. माझ्या आत्यानं शिकवली. बाप कलशाम्होरं उभा राहतो ते लेकीला काय देतो ते सांगायला. हात जोडनं ही त्याची एक तऱ्हा. विनेश, तू काय देतोस पोरीला? तुना जे खरं वाटतं ते सांग, मी ते गाते."

कॉलेजात तासन्‌तास बोलणारा माणूस मुलीकडे वळला. तो म्हणाला, "प्राप्ती, तुला कधी कुणाला घाबरून मान खाली घालायला लावणार नाही. या घराचं दार उघडताना तुला कोणाला विचारायला लागणार नाही, तुझंच आहे ते. एवढंच."

रंगूने क्षणभर डोळे मिटले आणि गायला घेतलं:

"बापाचा गो शबुद, लेकी पदरी बांध गो,
मान ताठ ठेव, येशील तवा दार उघडं गो..."

ओळ कोणी शिकवलेली नव्हती, तरी मागच्या बायकांनी ती झेलली, जणू पिढ्यान्‌पिढ्या गात आल्या होत्या. शमीमने सगळ्यांत मोठ्याने झेलली, कारण या ओळीत तिला गप्प बसावं असं काही नव्हतं. विनेशच्या आईने कलशाला हात जोडले, स्वतःसाठी आणि बहुतेक लेकासाठीही. तिला कोणी अडवलं नाही. धर्माजीबाबा थोडा वेळ उभेच होते. मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, खाली बसले आणि तांदळाची मूठ भरून तयार राहिले.

जेवणं झाल्यावर विनेश रंगूजवळ आला. काही बोलायचं म्हणून आला आणि "रंगू..." म्हणून थांबला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"मग जेव आधी. बोलशील रविवारी."

आणि तो बोलला. ग्रुपावर त्याने सांगितलं, "मी काल अख्ख्या मांडवासमोर खोटं वागायला निघालो होतो. मला अडवलं ते देव मानणाऱ्या बाईने. मी अजूनही देव मानत नाही. पण रंगू ज्याला देव म्हणते ना, की मांडवात कोणीतरी येतं, ते काय असतं ते मी काल पाहिलं. मी त्याला रंगू म्हणतो." यावर ग्रुपात एवढी हृदयं पडली की रंगूचा मोबाइल दिवसभर टिणटिणत राहिला. नवऱ्याने विचारलं, "कोन गो येवढं?" ती म्हणाली, "माझ्या वर्गातली."

गोष्ट गावात बोलली गेली, तशी बाहेरही गेली. काहींनी नाकं मुरडली. एका घराने चैत्रातलं ठरलेलं बोलावणं मोडलं आणि दुसरी धवलारीण आणली. रंगूला वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही. जनीआत्या आता अंथरुणाला खिळलेली. तिच्या कानावर कोणीतरी हे तिखटमीठ लावून घातलं. रंगू भेटायला गेली तेव्हा आत्याने तिला जवळ बसवलं आणि ती नवी ओळ म्हणायला लावली. ऐकली. मग स्वतः बारीक आवाजात म्हणून पाहिली, एक शब्द चालीत नीट बसवून दिला आणि म्हणाली, "आता गा. आता ती धवल्याची झाली."

त्यानंतर आठवड्याभरात धर्माजीबाबा रंगूच्या पडवीत येऊन बसले. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले. नातीचं लग्न होतं वैशाखात.

"गायला तूच यायचं," ते म्हणाले. "रीत सोडायची नाय पन."

"नाय सोडनार."

"हां." ते उठले, पायरीपर्यंत गेले आणि वळले. "आनी पोरीचा बाप, माझा लेक... मनातलं बोलायला लाजतो तो. त्यालाबी इचार तू. काय देतो लेकीला ते. मना ऐकायचं हाय."

"इचारीन, बाबा," रंगू म्हणाली, आणि म्हातारा फाटकाबाहेर जाईपर्यंत पडवीत ताठ उभी राहिली.