फाटलेला सूर
नातवाच्या गिटारचा ॲम्प्लिफायर तापला, की काचेच्या वॉल्व्हवरची धूळ जळल्याचा वास येतो आणि मला देवास गेटजवळचा तो मांडव आठवतो. आमचा मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात सामील झाला, त्याचा समारंभ होता आणि स्वागतगीत मी गाणार होते. पहिल्याच कडव्यात कर्ण्यातून खरखर सुरू झाली, वरचा सूर तर फाटूनच बाहेर पडला. समितीचे चिटणीस मंचावर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, आवाज फट रहा है तुमचा, आता बस करा." मी म्हटलं, "माझा गळा साफ आहे, मशीन बघा." त्यांनी हसून माइक काढून घेतला. मग पाहुणे भाषणाला उभे राहिले. त्यांचाही आवाज तसाच चिरकला, तेव्हा हेच चिटणीस मशीनवाल्याकडे धावले, "अरे, वॉल्व्ह गया लगता है, फौरन बदलो." वॉल्व्ह बदलला, भाषण खणखणीत झालं, पण मला कुणी परत बोलावलं नाही. उलट निघताना चिटणीसांच्या पत्नीने घशासाठी म्हणून ज्येष्ठमध पुढे केला. तो मी घेतला नाही. आता म्हातारपणी माझा आवाज खरंच चिरकतो, पण त्या दिवशी तो चिरकला नव्हता.