रावणताडाची सुकी पानं

आमच्या पनवेलच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील लिहायचे, मी घड्या घालायचे. त्यामुळे मोरा बंदरासमोरच्या बेटावरचे रावणताड कुणी ठेकेदार तोडतोय हे कॉलेजात असताना कळलं, तेव्हा मी आधी पत्रकच काढलं. हा ताड दुर्मिळ. त्याच्या एका खोडाची दोन होतात, दोनाची चार. 'यापुढे एकाही पानाला हात लागता कामा नये,' असं मी लिहिलं. दोन वर्षांनी जंगल राखीव झालं, कुंपण आलं. आम्ही पेढे वाटले.

मग मोऱ्याची एक म्हातारी पत्रकाच्या तळाचा पत्ता विचारत आमच्या दारात आली. ती त्याच पानांचे झाडू वळायची. "तूच बंद केलंस, आता तूच चालू कर," म्हणाली.

अर्ज लिहून मी तिच्याबरोबर होडीत बसले.

"काय आत्या, आज सायबीण कुटून आनली?" होडीवाल्यानं विचारलं.

"सायबीण कसली! हिनंच तं कुंपण घातलंय."

सगळे हसले. मीही हसले.

बेटावर ती एका ताडाखाली उभी राहिली. सुकी पानं खोडावरून थेट जमिनीपर्यंत लोंबत होती. खाली गुडघाभर पाला.

"आमी सुकलेलंच काढायचो. हिरव्याला कदी हात लावला नाय. आता या पाल्याखाली बघ, येक तरी रोप हाय का?"

मी पाला उकरून पाहिलं. उंदरांनी कुरतडलेली फळं होती. रोप एकही नव्हतं.

वनखात्याच्या चौकीतल्या रखवालदारानं अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, तुमचंच पत्रक फाइलला लावून हा नियम झाला. आता तुम्हीच म्हणता पानं काढू द्या. मी वर काय सांगू?" मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "मावशी, ते ठेवा खाली."

सवयीनं तिनं एक पान उचललं होतं. तिनं ते ठेवलं.

परतताना मी म्हणाले, मंत्रालयात जाऊ, मोठा अर्ज करू.

"नको बाय. तुजं लिवलेलं येकदा खरं झालं, तेवडं पुरे."

पावसाळा संपला की ती सुनेबरोबर वीटभट्टीवर जाणार होती. धक्का आला तेव्हा तिनं पिशवीतून पानं काढायची पातळ पात्याची कोयती काढली आणि होडीवाल्याला दिली, जाळ्याचे दोर कापायला.

त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. "लय धार हाय, आत्या."

"कालच लावली," ती म्हणाली.