शब्दकोशाचं कव्हर

नातीच्या पुस्तकांना कव्हर घालताना खळीचा वास आला आणि मी कळंबच्या आमच्या पडवीत जाऊन पोचले.

नव्वदच्या सुमाराला मी तिथं नवी सून होते. माझी नणंद सुमन इंदापूरच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची. तिच्या हातात कायम खाकी कव्हरचं एक जाड पुस्तक असायचं, वर ‘शब्दकोश’ लिहिलेलं. लेक कोश वाचते म्हणून माझे सासरे, आबा, गावभर सांगायचे.

एका दुपारी ते तहसीलातून आले. “सूनबाई, सायेब ‘अभिलेख’ म्हणला. सुमीचा कोश आण, बघ काय हाय त्ये.”

मला शिकलेली म्हणून विचारलं, याचाच मला आनंद. उघडलं तर आत प्रेमाची कादंबरी होती, आणि तिच्यातून एक चिठ्ठी खाली पडली.

“काय लिवलंय? वाच.”

चुलीपाशी सुमनचे भाकरी थापणारे हात थांबले. मी वाचलं, खालच्या नावासकट.

पंधरा दिवसांत तिचं सोमेश्वरनगरला लग्न लावून दिलं. पुन्हा तिच्या हातात पुस्तक दिसलं नाही. मला मात्र ती कधी एका शब्दानं बोलली नाही. सणाला आली की माझ्याच ताटात जेवायची.

आबांना अक्षरओळख नव्हती. “आबा, तुमचा शब्द ह्यात न्हाय,” एवढं म्हणून मी चिठ्ठी आत ठेवून पुस्तक मिटलं असतं, तरी भागलं असतं.