हातावर साखर, पाय पेडलवर

माझ्या व्याह्यांचा नातेवाईक राहत नाही असं गाव महाराष्ट्रात अजून वसायचं आहे. मी हे कौतुकानं म्हणत नाही, वैतागून म्हणते. माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी मुलाची नोकरी पाहिली, डोंबिवलीतलं घर पाहिलं, स्वभाव पाहिला. त्याच्या वडिलांचा गोतावळा तेवढा पाहायचा राहिला. लग्नात हा मनुष्य वरबाप असून पंगतीत जिलब्या वाढत फिरत होता आणि माझ्याच माहेरच्या माणसांना त्यांची माझ्याशी नाती समजावून सांगत होता. माझा सख्खा काका मला येऊन म्हणाला, "तुझे व्याही फार भले गं, त्यांनी मला माझी चुलत मावशी शोधून दिली." ती मावशी त्याला नको होती म्हणून तो तीस वर्षं तिला टाळत होता, हे व्याह्यांना कोण सांगणार!

हे सगळे संबंध ते सायकलवरून राखतात. काळी, उंच, मागे कॅरियर असलेली सायकल आहे. मानपाड्याच्या रंगांच्या कारखान्यात सदतीस वर्षं त्यांनी तिच्यावरूनच नोकरी केली. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात, तो दिवाळी झाली तरी निघत नाही. मुलानं गाडी घेतली तर म्हणाले, "छान आहे रे, पण गाडीतून जाताना ओळखीचं माणूस दिसलं तर थांबेपर्यंत ते मागे जातं." त्यांच्या आयुष्याचा एकच कायदा आहे: कोणाच्या गावावरून जायचं आणि घरी न जाता पुढे जायचं, हे पाप. आणि घरी गेलं की खाल्ल्याशिवाय उठायचं, हे त्याहून मोठं पाप. मी ठाण्याहून त्यांच्याकडे नुसता डबा परत करायला गेले तरी "विहीणबाई, बसा, दोन घास खा" म्हणून मला थालीपीठ लावून देतात. बायको जाऊन सात वर्षं झाली, पण घरातला तवा त्यांनी थंड पडू दिलेला नाही.

सकाळी मात्र साडेनऊ ते दहा ते कोणाचे नसतात. त्यांच्या घराजवळ चालता न येणाऱ्या मुलांची एक लहानशी शाळा आहे, आणि ती आहे तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. आता असल्या शाळेला तिसरा मजला! पण जागा मिळाली तीच. तिथल्या एका बारा वर्षांच्या मुलीला व्याही रोज पाठीवर घेऊन वर पोचवत. ती सहा वर्षांची असल्यापासून. तिच्या आधीची दोन मुलं मोठी झाली, जड झाली, उचलायला कोणी मिळेना, तशी घरी बसली. वजन वाढलं एवढाच त्यांचा गुन्हा. आता ही मुलगी वाढत होती आणि व्याह्यांचे गुडघे डॉक्टरांनी फोटो काढून निकालात काढले होते. "जून उजाडला की मला जमणार नाही हो," असं ते एकदा म्हणाले आणि माझ्या पानात मुकाट्यानं लोणचं वाढत राहिले. त्यांना मुकाट्यानं काही करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

समोरच्याच इमारतीत तळमजल्याचा एक मोठा गाळा रिकामा होता. त्याचे मालक खाडीकडच्या जुन्या गावातले, सगळे त्यांना नाना म्हणतात. वडील मिठागरात राबलेले, आता चार इमारतींचे मालक. व्याह्यांनी शाळेसाठी गाळा मागितला तर नाना म्हणाले, "मागतं तर सगलं गाव. माज्या बापानं मिठात पाय जालले तवा ही जागा झाली. मना कोनाचा तरी घाम दिसू दे, मंग बोलू." आमच्याकडे दरवर्षी हौशी सायकलवाले चार दिवसांची एक फेरी काढतात. प्रत्येकानं आपापला दाता शोधायचा, चांगलं काम ठरवायचं, आणि फेरी पुरी झाली की दात्यानं शब्द पाळायचा. कल्याणवरून मुरबाड, माळशेज चढून ओतूर, मग संगमनेर, मग इगतपुरी आणि कसारा घाट उतरून परत डोंबिवली. व्याही ताडकन म्हणाले, "मी जातो." नाना हसले नाहीत. म्हणाले, "पन पुरी सायकलवर. एकदा जरी गाडीत बसलाव तर गाला नाय. आनि शेवटच्या दिवशी पाचच्या आत." मी मध्ये पडून नानांना समजावायला गेले, तर मला म्हणाले, "ताई, मी सबुद देताना तोलून देतू."

लेकीनं मला फोन केला. "आई, प्लीज तू आणि बाबा गाडी घेऊन मागे जा. माझे सासरे मुलाचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील." झालं! गुडघे त्यांचे, शब्द नानांचा आणि धावपळ माझी. आमच्या ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही निघालो.

पहिल्या दिवशी पहाटे सगळे घट्ट कपड्यांतले तरणेबांड सायकलस्वार वाऱ्यासारखे सुटले. मागून आमचे व्याही, फुलपँटला खाली क्लिपा लावून, हेल्मेटच्या आत पांढरी टोपी घालून. शहाडचा पूल ओलांडला आणि गायब! अर्ध्या तासानं सापडले ते कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या घरी. पोहे संपवून नातवाच्या बारशाचा अल्बम पाहत होते. तिथून ओढून काढले तर मुरबाडला पुन्हा नाहीसे. सगळ्यात शेवटी एक टेम्पो असतो, दमलेल्यांना सायकलीसकट उचलणारा. तो आमच्याजवळ येऊन थांबला आणि ड्रायव्हर विचारू लागला, "काका कुठे? दिवस मावळायच्या आत घाट चढले नाहीत तर मला उचलायला लागेल त्यांना." मी गल्लीगल्ली फिरले. शेवटी एका ओटीवर ती काळी सायकल दिसली. आत व्याह्यांच्या मेहुणीच्या घरी श्रीखंड-पुरीचं जेवण झालेलं, आणि आमचे वीर झोपाळ्यावर चक्क घोरतायत!

मी तिथेच ओटीवर बसले. आत या म्हणाले, गेले नाही. पाणी आणलं, घेतलं नाही. व्याही डोळे चोळत बाहेर आले. "काय झालं विहीणबाई?" मी म्हटलं, "मी रुसले आहे." माझ्या लेकीच्या लग्नात रुसायला वरमाईच नव्हती, त्यामुळे त्या लग्नातला एक रुसवा तसाच शिल्लक राहिला होता, मी तो त्या दिवशी मुरबाडला काढला. "आजपासून वाटेत कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकलात," मी म्हटलं, "तर मी तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. त्या पोरीला तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार आहे? ही श्रीखंड-पुरी?" 

व्याही अगदी लहान आवाजात म्हणाले, "चुकलंच माझं. पण विहीणबाई, दारावरून गेला आणि आला नाही म्हणतील हो. वाईट वाटेल त्यांना." म्हणजे काळजी कसली, तर ही! त्यांची मेहुणी शहाणी. ती आतून वाटी घेऊन आली आणि त्यांच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. म्हणाली, "हातावर साखर ठेवली म्हणजे घरी येऊन गेल्यासारखंच. आता निघा बघू." व्याह्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. साखर तोंडात टाकली आणि जे सुटले ते थेट माळशेजला. घाटात बराचसा रस्ता सायकल ढकलत चढले, ते नियमात बसत होतं. मागे टेम्पो मुंगीच्या पावलानं. ड्रायव्हर दर वळणावर, "काका, बसा ना," आणि व्याही धापा टाकत त्याला त्याचं आजोळ विचारतायत. माथ्यावर पोचले तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं. त्या ड्रायव्हरची आजी व्याह्यांच्या आत्याची नणंद निघाली.

संध्याकाळी ओतूरला मी त्यांच्याकडून पुढच्या तीन दिवसांची सगळी नाती लिहून घेतली आणि एकेकाला फोन लावला. "ते घरी येणार नाहीत. तुम्ही रस्त्यावर या. साखर आणा, बाकी काही आणाल तर माझ्याशी गाठ आहे." आणि काय सांगू, आले हो! आळेफाट्याला आले, संगमनेरला आले, संगमनेरपुढच्या अकोल्याला एक अख्खं कुटुंब पिंपळाखाली उभं, म्हातारी खुर्चीवर. व्याही एक पाय जमिनीवर टेकवायचे, हात पुढे करायचे, साखर खायची, "वहिनी, गुडघा कसा आहे? माझाही तसाच!" आणि पुढे. तिसऱ्या दिवशी तर ते तरणेबांड सायकलवालेही काकांच्या आसपास रेंगाळायला लागले. एक जण मला म्हणाला, "काकू, स्पीड गेला खड्ड्यात, आपल्याला काकांचे रिलेटिव्ह पायजे."

शेवटच्या दिवशी मात्र माझं धाबं दणाणलं. कसारा उतरले ते झकास, पण पुढे समोरून वारा. गुडघे सुजलेले. तीन वाजून गेलेले. आणि टिटवाळ्याच्या फाट्याशी व्याही थांबले. टिटवाळ्याला त्यांची आतेबहीण, त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी, आई गेल्यावर हिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलेलं. चार पावलं टाकायची तर भिंत धरते. "ताई रस्त्यावर कशी येईल विहीणबाई?" एवढंच म्हणाले. मी घड्याळ पाहिलं. आत जाऊन यायचं म्हणजे नानांचा गाळा गेलाच. माझ्या तोंडून नाही म्हणवेना, आणि हो म्हणावं तर ती पोरगी डोळ्यांसमोर उभी! 

तेवढ्यात फाट्यावरून एक रिक्षा खडखडत आली आणि आतून आवाज आला, "उतरू नकोस मेल्या! खबरदार पाय खाली टाकलास तर! पाच वाजायला आलेत ना तुझे?" ताई! शेजारणीनं धरलेली, मांडीवर साखरेचा अख्खा डबा. व्याह्यांनी तोंड पुढे केलं, तिनं चिमूट नव्हे, मूठ कोंबली, आणि गालावरून एकदा हात फिरवून म्हणाली, "जा. पुढल्या खेपेला जेवायला ये." मी गाडीत बसून भडभडून रडले. आमचे हे म्हणाले, "रुमाल देऊ?" मी म्हटलं, "गाडी चालवा."

मग शहाड, कल्याण, तो पुलावरचा वाहनांचा खच, रिक्षावाल्यांच्या शिव्या. पुढे पाच-सहा तरणी पोरं शिट्ट्या मारत "काकांना वाट द्या!" म्हणून ओरडतायत, मधे काळी सायकल, मागे टेम्पो रिकामाच. डोंबिवलीच्या मैदानात शिरले तेव्हा पाचाला काही मिनिटं होती. नाना दुपारपासून खुर्ची टाकून बसलेले. उठले, व्याह्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो ओला हात स्वतःच्या सदऱ्याला पुसला आणि खिशातून किल्ली काढली. "घ्या भाऊ. नाव शालेचं लावा, माजं नको." असा जल्लोष झाला, असा जल्लोष झाला! ढोलवाले कोणी बोलावले देव जाणे. मी, बँकेत तीस वर्षं कोणाशी धड न बोललेली बाई, भर मैदानात दोन्ही हात वर करून नाचले, आणि त्याचा व्हिडिओ अजून आमच्या सगळ्या व्याह्या-विहिणींत फिरतो आहे.

जूनमध्ये शाळा तळमजल्यावर आली. घरी बसलेली ती दोन मुलंही परत आली. पहिल्या दिवशी व्याह्यांनी मला मुद्दाम बोलावलं. आम्ही दाराशी उभे होतो. ती मुलगी आपल्या चाकाच्या खुर्चीवरून आली, उतारावरून स्वतः हातानं चाकं फिरवत सरळ आत गेली आणि मैत्रिणींच्या घोळक्यात दिसेनाशी झाली. साडेनऊ वाजले होते. व्याही हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वळूनसुद्धा पाहिलं नाही हो तिनं," ते म्हणाले. "यासाठीच तर केलं होतं सगळं."

आणि दारातून आत डोकावत, माझ्याकडे न पाहता, "पण एकदा पाहायला हरकत नव्हती."